‘सायक्लोन’ कुठला?

प्रश्न : ‘निसर्ग’ वादळापासून आमच्याकडे सगळे ‘सायक्लोन’ म्हणतात. हा शब्द मूळचा कुठला? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : जन्म कोलकात्याचा! तिथले इंग्रज वादळ-अभ्यासक हेन्री पिडिंग्टन वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदी तपासत. वारा केंद्राभोवती गरगर फिरतो हे खलाशांना कळावं, म्हणून १८४८ च्या पुस्तकात त्यांनी हा शब्द सुचवला. मुळाशी ग्रीक ‘कुक्लोस’, म्हणजे वर्तुळ. पिडिंग्टन यांच्या मनात मात्र सापाचं वेटोळं होतं. आपल्या ‘चक्रीवादळा’तही तेच फिरणं आहे, म्हणून मला तो शब्द फार आवडतो. वावटळीला किंवा वळवाच्या वादळाला मात्र तो लावू नका. ३ जून २०२० ला ज्यानं तुमच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, ते चक्रीवादळ. घरातही हाच शब्द बोला. लिहिताना जोडूनच लिहा.