जुनी गांजाची भानगड, केस झाली नाही, आता अमेरिकेला जाताना अडचण येईल का?

भाऊ, तुम्ही विचारून राहिले की कॉलेजात असताना ५ वर्षांपूर्वी नागपूरच्या फुटाळा तलावावर गांजा ओढला, पोलीस केस काही झाली नाही, तर आता परदेशात जाताना कोणी पकडेल का. इथल्या कायद्याचं आधी सांगतो. ओढल्याबद्दल एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम २७ मध्ये गांजासाठी जास्तीत जास्त ६ महिने कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, आणि १ वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची केस कोर्टाने घ्यायची मुदत १ वर्षाची, म्हणजे ती कधीच संपली. १ किलोपर्यंत जवळ बाळगला असेल तर शिक्षा १ वर्षापर्यंत, पण मुदत तीच. पण त्याच्या वर गेलं की शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते आणि ३ वर्षांवरच्या शिक्षेला मुदतच नाही, २० वर्षांनीही केस होऊ शकते. आणखी एक, जे बरेच जण विसरतात, तुम्ही भारताबाहेर राहिले तो काळ मुदतीत धरतच नाहीत, त्यामुळे बाहेर बसून वर्षं मोजण्यात अर्थ नाही.

खरी भीती मला व्हिसाची वाटते. अमेरिकेच्या फॉर्मवर ड्रग्जचा कायदा मोडला का असा सरळ प्रश्न असतो, तिथे मुदतबिदत चालत नाही, शिक्षा झाली नसली तरी नुसत्या कबुलीवर अपात्र ठरवू शकतात. खोटं लिहिलं आणि सापडलं तर ते त्याहून वाईट, कायमची बंदी लागू शकते. म्हणून फॉर्म भरायच्या आधी अमेरिकन इमिग्रेशन वकिलाला विचारा, एजंटला नाही. आणि कोर्टात केस चालू असती तर पासपोर्टसाठी त्याच कोर्टाची परवानगी लागली असती, तुमचं तसं नाही.