फ्लॅशला जरा गप्प बसवा

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच तक्रारीची निघाली: कॅमेऱ्याच्या डोक्यावर टपकन उघडणाऱ्या त्या इवल्याशा फ्लॅशची. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. आज फक्त फ्लॅश.

प्रश्न : ताई, संध्याकाळी घरात सगळे जमले होते, तेव्हा आजीचा फोटो काढला. खोलीत दिवे होते, डोळ्यांना सगळं छान दिसत होतं. फोटोत मात्र आजीचा चेहरा पीठ फासल्यासारखा पांढराफटक, मागे मिट्ट काळोख आणि भिंतीवर तिची काळी सावली. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठणठणीत आहे. तुम्ही त्याला ‘ऑटो’वर सोडलंत आणि त्याने फ्लॅशलाच घरचा कर्ता करून टाकलं. फ्लॅश उघडला की बहुतेक कॅमेरे शटर (म्हणजे उजेड आत येऊ देणारा पडदा) उघडं राहण्याचा वेळ सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास नेऊन ठेवतात. तेवढ्या वेळात खोलीतल्या दिव्यांचा उजेड सेन्सरवर पोचतो तो नावापुरताच. मग फोटोत उरतो एकट्या फ्लॅशचा उजेड, आणि तो अंतराबरोबर भराभर आटतो. अंतर दुप्पट झालं तर उजेड चौथा हिस्सा, तिप्पट झालं तर नववा. आजी तुमच्यापासून दीड मीटरवर आणि मागची भिंत साडेचार मीटरवर असेल, तर भिंतीला आजीच्या एक नवमांश उजेड मिळाला. काळोख पडणारच.

पहिला उपाय फुकटचा आहे. दोन पावलं मागे जा आणि झूम करा. आता आजी तीन मीटरवर, भिंत सहावर. भिंतीला चौथा हिस्सा उजेड मिळतो, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. मात्र इथे फ्लॅशचा दम पुरेल का ते पाहायला हवं. साध्या डीएसएलआरच्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, १२ च्या आसपास असतो, तोही आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा ते सांगणारा आकडा) १०० ला. त्याला एफच्या आकड्याने (लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका मोठा तितकं छिद्र लहान) भागलं की पल्ला मीटरमध्ये मिळतो. एफ/५.६ ला जेमतेम दोन मीटर. आयएसओ ४०० केला की पल्ला दुप्पट होतो. म्हणून मागे सरकताना आयएसओही वाढवा.

दुसरा उपाय माझा लाडका. खोलीतले सगळे दिवे लावा, आयएसओ ८०० किंवा १६०० करा आणि ‘स्लो सिंक’ निवडा (काही कॅमेऱ्यांत हेच ‘नाइट पोर्ट्रेट’ म्हणून मिळतं). शटर १/३० किंवा १/१५ वर येईल. तेवढ्यात खोलीचा उजेड निवांत आत येतो, आणि फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर आटोपत असल्याने चेहरा बऱ्यापैकी रेखीव राहतो. कोणी हात हलवला तर हाताभोवती थोडा धूसरपणा येईल. मला तो आवडतो, फोटोत माणसं जिवंत वाटतात.

आता खरं काम. मेनूमध्ये किंवा एखाद्या बटणावर विजेच्या खुणेशेजारी अधिक-उणे असं चिन्ह असतं. ते ‘फ्लॅश कॉम्पेन्सेशन’, म्हणजे फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायची सोय. माझ्याकडे कॅमेरा येऊन चार वर्षं झाली तरी मी त्या बटणाला हात लावला नव्हता. मग एका संध्याकाळी बहिणीला खुर्चीत बसवलं आणि शून्यापासून उणे दोनपर्यंत एक तृतीयांशाची एकेक पायरी उतरत सात फोटो काढले. शून्याला तिचं कपाळ आणि नाकाचा शेंडा तेल लावल्यासारखे चकाकत होते. उणे दोनला फ्लॅश असून नसल्यासारखा, डोळ्यांखाली सावल्या. उणे एक आणि एक तृतीयांशला मात्र गालाचा गोलवा परत आला, डोळ्यांत एक बारीक चमक राहिली आणि मागचा दिवाही दिसू लागला. तेव्हापासून माझा कॅमेरा घरात त्याच आकड्यावर असतो. तुमच्या खोलीचा आकडा वेगळा निघेल. सात फोटोंत कळेल.

सावलीचं म्हणाल तर आजीला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे बसवा. कॅमेरा आडवाच धरा. उभा धरलात की फ्लॅश लेन्सच्या बाजूला जातो आणि कानामागे काळी पट्टी उमटते.

प्रश्न : फ्लॅशवर टिश्यू पेपर लावला की उजेड मऊ होतो असं ऐकलं. लावून पाहिला, काडीचाही फरक नाही.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, लोकांच्या बोलण्यावर जाऊ नका. उजेड मऊ होतो तो त्याचा उगम मोठा झाल्यावर. फ्लॅशची काच तीन-चार सेंटीमीटर रुंद. तिच्यावर तेवढाच कागद चिकटवला तर उगम तेवढाच राहतो. कागदाने उजेड अडवला की कॅमेरा फ्लॅशचा जोर वाढवून भरपाई करतो, बॅटरी तेवढी जास्त खर्च होते. लहान, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत थोडा उजेड इकडेतिकडे उधळून फायदा होतो, इतकंच.

त्यापेक्षा पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद फ्लॅशसमोर ४५ अंशांत तिरका धरा, म्हणजे उजेड छताकडे जाईल. आता अख्खं छत तुमचा दिवा झालं. छत पांढरं आणि फार उंच नसलेलं हवं. हिरव्या छताखाली माणसं आजारी दिसतात. कागद जाड पुठ्ठ्याचा नको. मी आधी पुठ्ठा वापरला, तर सगळा उजेड वरून आला आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचला. पातळ कागदातून थोडा उजेड समोरही झिरपतो आणि डोळे उजळतात. यात उजेड फार वाया जातो, म्हणून आयएसओ १६०० च्या खाली उतरू नका.

प्रश्न : लाल डोळे टाळायचे कसे? आणि आमच्या कुत्र्याचे डोळे लाल न येता हिरवे का येतात?

अंधारात बाहुली मोठी होते. फ्लॅश लेन्सला चिकटून असल्याने उजेड सरळ आत जातो, डोळ्याच्या मागच्या रक्ताळ पडद्यावर आपटून त्याच वाटेने परत येतो. दिवे लावा म्हणजे बाहुली लहान होईल, आणि माणसाला लेन्सच्या किंचित बाजूला पाहायला सांगा. कॅमेऱ्यातली ‘रेड आय’ची सोय आधी दिवा लावून बाहुली आकसवते, पण त्या एका क्षणात हसू मावळतं. शिवाय पहिल्या उजेडालाच फोटो निघाला असं समजून लोक उठून जातात.

कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा एक चकचकीत थर असतो, रात्री दिसावं म्हणून. माणसात तो नसतो. लाल रंग शोधून पुसणारं सॉफ्टवेअर तिथे हात टेकतं. बाजूने फोटो काढा.

प्रश्न : फोटोच्या खालच्या कडेला काळा अर्धगोल येतो.

लेन्सच्या हुडची, म्हणजे तिच्या टोकाला लावलेल्या कड्याची सावली. हुड काढा. तरी आला तर लेन्सच लांब आहे, थोडं झूम करून पाहा.

प्रश्न : सभागृहात मागच्या रांगेतून मंचाचे फोटो काढते. फ्लॅश मारूनही अंधारच.

वरचं १२ चं गणित आठवा. तुमच्या फ्लॅशने पुढच्या रांगेतल्या डोक्यांचे उत्तम फोटो येत असतील. बंद करा, आयएसओ वाढवा.

प्रश्न : भर उन्हात फ्लॅश लावणारे लोक वेडे असतात का?

शहाणे असतात. डोक्यावर ऊन असलं की भुवयांखाली काळोखी येते. पाठीमागे सूर्य असला की चेहराच काळवंडतो. तिथे उणे एकवर ठेवलेला फ्लॅश सावली हळूच उचलतो. पण फ्लॅशसोबत बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे जात नाही. म्हणून उन्हात एफ/८ किंवा एफ/११ वर यावं लागतं. आयएसओ १०० आणि एफ/८ ला पूर्ण जोराचा पल्ला दीड मीटर, उणे एकला दोनच्या थोडा पुढे. जवळ जा.

प्रश्न : माझा फ्लॅश उघडतच नाही. घरी उघडून पाहू का?

नका! आधी मोड तपासा, काही मोडमध्ये फ्लॅश मुद्दाम बंद असतो. बॅटरी पूर्ण भरा. मग बाहेरचा फ्लॅश बसवायची वरची खाच पाहा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तिथे एक बारीक कळ असते. ती कचऱ्याने दबून राहिली की कॅमेऱ्याला वाटतं बाहेरचा फ्लॅश बसवलाय, आणि आतला उघडत नाही. मऊ ब्रशने खाच झाडा.

त्यानेही नाही झालं तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढली तरी तो बराच वेळ टिकतो. मी एकदा जुना, बंद पडलेला कॅमेरा टेबलावर खोलला होता. बॅटरी काढलेली होती, म्हणून निर्धास्त. स्क्रूड्रायव्हर दोन टोकांना एकदम टेकला, फटाक्यासारखा आवाज झाला आणि मी खुर्चीसकट मागे सरकले. तो स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याकडे आहे, टोकाला खड्डा पडलेला.