समुद्रकिनारी पक्षीनिरीक्षण आणि फोटोग्राफी शिकायची आहे. सुरुवातीला कोणता कॅमेरा घ्यावा?

कॅमेरा नंतर. आधी ८×४२ ची, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्या आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचायला शिका.

इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. मी सुरुवातीला ज्या ग्रुपबरोबर जायचो, तिथले एक ज्येष्ठ फोटोग्राफर नव्या माणसाला आधी विचारायचे, "लेन्स किती एमएमची?" म्हणजे लांबचं किती जवळ आणते. दुर्बीणवाल्यांना ते मोजतच नसत. एकदा उधाणाच्या भरतीला चिखलाची सगळी पट्टी पाण्याखाली गेली होती. उरलेल्या वाळूच्या उंचवट्यावर पाणटिवळे, चिखल्या आणि कालवफोडे दाटीवाटीने विसावले होते. बरेचसे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. मधेच एखादा डोळा उघडायचा, पुन्हा मिटायचा. साहेबांना उडता थवा हवा होता, म्हणून त्यांनी एका मुलाला सरळ थव्याच्या अंगावर पळायला लावलं. थवा उठला, शटर खडखडले. पाणी उतरेपर्यंत बसायला दुसरी जागा नव्हती, पक्षी नुसते घिरट्या घालत राहिले. मी तिथेच भांडलो. तर म्हणाले, "पक्ष्याला उडायला काय पैसे पडतात?"

पडतात. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता उडालं. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस. हे सगळं अंगातल्या चरबीवर. ती चरबी ओहोटीच्या काही तासांत चिखलातून टिपून कमवायची आणि भरतीत स्वस्थ बसून राखायची. आपण उठवतो तेव्हा तीच जाळायला लावतो.

उडता फोटो पळापळ न करताही मिळतो. भरतीच्या दोनेक तास आधी पोचा, सूर्य पाठीशी घ्या, वाळूवर आडवे व्हा आणि हलू नका. पाणी चढेल तसे पक्षीच तुमच्याकडे सरकतात. चरणं सोडून माना वर झाल्या की थांबा, मागे या. शटर १/२००० सेकंदावर ठेवा. ससाणा दिसला की थवा आपणहून उठतो.

ओळखताना रंगाच्या मागे लागू नका, हिवाळ्यात बरेचसे राखाडी-तपकिरीच दिसतात. चोच आणि चाल बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो. कोरल पक्ष्याची लांब चोच खाली वळलेली, पाणटिवळ्याची सरळ किंवा किंचित वर.

आता कॅमेरा. लेन्स ४०० एमएमच्या खाली नको, बॉडी जुनी चालेल. कंपनीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. हां, घरात कॅमेरा आधीच असेल आणि दुर्बिणीचा खर्च जमत नसेल, तर तोच न्या. नंतर ओळख पटवायला साधा फोटोही फार कामी येतो. वाळूत लेन्स बदलू नका, आणि घरी आल्यावर खारा थर किंचित ओल्या फडक्याने पुसून काढा.