फर्नेस सुरू झाली नाही तर (कॅनडात विनिपेगला येणाऱ्या, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मैत्रिणीला)

तू दोन गोष्टी विचारल्यास. भाड्याच्या घरात गॅसची फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी आहे, ऐन थंडीत ती सुरूच झाली नाही तर काय करायचं? आणि ताई, तिथे फार एकटं वाटतं का? व्हिसा, बँक, विमा हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही. डिग्रीच्या कागदांचं तेवढं सांगते. सीलबंद मार्कशीटचं काम ग्वाल्हेर सोडायच्या आधीच उरकून घे. माझ्या भावाने विद्यापीठाच्या त्या खिडकीपुढे इतक्या चकरा मारल्या की आजही विषय निघाला की तो गप्प होतो.

आपण लष्करमध्ये वाढलो. जानेवारीत तिथेही चांगलंच गारठतं, मेळ्यात शाल गुंडाळून फिरतो, रात्री सिगडी पेटवतो. पण दुपारी गच्चीवर ऊन असतं. विनिपेगला उणे ३० मध्ये ऊन पडतं आणि त्यात ऊब नसते. फर्नेस बंद राहिली तर काही तासांत घर गार होतं, आणि आणखी वेळ गेला तर नळाचे पाइप गोठून फुटतात.

म्हणून फर्नेसचा क्रम पाठ कर. घराचं तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटने उष्णतेची मागणी केली की आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा घरघरतो. हवा नीट ओढली जातेय हे प्रेशर स्विचला कळलं की गॅस पेटवणारा इग्नायटर लाल तापतो, मग गॅस सुटतो आणि बर्नर पेटतात. फ्लेम सेन्सरला ज्योत जाणवली तरच गॅस चालू राहतो. थोड्या वेळाने मोठा ब्लोअर गरम हवा खोल्यांत सोडतो. बेसमेंटमध्ये उभी राहा आणि गाडी कुठे अडते ते ऐक.

काहीच आवाज नसेल तर थर्मोस्टॅट हीटवर आहे का, त्याचे सेल गेलेत का, ब्रेकर पडलाय का ते बघ. फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखंच एक बटण असतं, दिवा समजून कुणीतरी ते बंद करतं. खालचं झाकण नीट बसलं नसलं तरी मशीन चालत नाही, कारण त्यामागे सेफ्टी स्विच असतो. बर्नर पेटून काही सेकंदांत विझत असतील तर बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरवर थर बसलेला असतो. ते काम मेकॅनिकचं. गरम होऊन मध्येच बंद पडत असेल तर आधी हवेचा फिल्टर काढून बघ. तो धुळीने गच्च झाला की आतली उष्णता अडते आणि लिमिट स्विच गॅस तोडतो.

छोटा पंखा फिरून थांबत असेल तर बाहेर जा. माझ्याकडे तेच झालं होतं. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात, मुलगा वर झोपलेला, घरमालक फोन उचलेना. भिंतीतून बाहेर आलेले, फर्नेसची हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप वाऱ्याने साचलेल्या बर्फात बुडाले होते, आणि एकाच्या तोंडावर बर्फाचं जाड कडं धरलं होतं. हाताने बर्फ उकरला, कडं फोडलं, फर्नेस पेटली. ग्वाल्हेरला तेव्हा दुपार होती. आईला फोन करावासा वाटला, केला नाही. तिला महिनाभर झोप लागली नसती.

फर्नेस पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नकोस. झाकणाच्या काचेतून एक दिवा लुकलुकताना दिसतो. किती वेळा लुकलुकतो ते मोज, त्याचा अर्थ झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो, मेकॅनिकला तोच आकडा सांग. गॅसचा वास आला तर कुठल्याही बटणाला हात न लावता मुलीला घेऊन बाहेर पड आणि फोन बाहेरूनच कर. गॅसची शेगडी पेटवून घर तापवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म घरात चालू आहे का ते पहिल्याच दिवशी बघ.

एकटं वाटतं. पहिल्या हिवाळ्यात जास्त, मग कमी. ते निभतं.

निभलं नाही ते शाळेचं. माझा मुलगा तिसरीत होता, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही वाचायचा. एका अनोळखी बाईसमोर तो दहा मिनिटं गप्प बसला, तेवढ्यावरून त्याला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात घातलं. मी त्याची वाचनाची पुस्तकं घेऊन गेले, तेव्हा मला सांगितलं की तो तिथे खूश आहे. तो चित्रं रंगवत होता. फर्नेस निदान कुठे अडलंय ते दिवा लावून सांगते, त्या शाळेने मला कधीच सांगितलं नाही. त्याच वर्षी तो माझ्याशी मराठीत बोलायचा थांबला. आता तो मोठा झालाय, हे सगळं विसरलाय. मी विसरले नाही, आणि इथे यावं की नाही असं कुणी विचारलं की मला आधी तो वर्ग दिसतो, थंडी नाही.

तू ये. घरमालकाकडून त्या बटणाची जागा, फिल्टरचं माप आणि मेकॅनिकचा रात्रीचा नंबर किल्लीबरोबरच घे. आणि मुलीच्या शाळेत पहिल्यांदा बोलावतील तेव्हा मला बरोबर ने. तिथे मला बसायचंय.