पीएलसी प्रोग्रामिंगमध्ये चांगली शैली आणि डिझाइन पॅटर्न शिकायला काय वाचावं?

वाचण्याआधी दुसऱ्याने लिहिलेला लॅडर (मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरचा, रिलेच्या ड्रॉइंगसारखा दिसणारा प्रोग्राम) दुरुस्त करा, तोही लाइन बंद पडलेली असताना. मी तसाच शिकलो.

चाकणला एका कारखान्यात पॅकिंग लाइन होती. रात्री अडीचला फोन आला: कन्व्हेयर मॅन्युअलला फिरतो, ऑटोला हलत नाही. लॅपटॉप जोडला. नेटवर्क १४ मध्ये, म्हणजे लॅडरच्या त्या तुकड्यात, सगळे कॉन्टॅक्ट (अटी) हिरवे, कॉइलही (आउटपुट) हिरवी, आणि आउटपुट कार्डावरचा दिवा मात्र विझलेला. नवखा होतो, पाऊण तास मोटरचा कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले तपासण्यात घालवला. मग क्रॉस रेफरन्स उघडला, म्हणजे कुठली गोष्ट प्रोग्राममध्ये कुठे कुठे वापरली त्याची यादी. तीच कॉइल नेटवर्क २१२ मध्ये पुन्हा! दुपारी कोणीतरी इंचिंगसाठी (बटण दाबून कन्व्हेयर थोडा थोडा सरकवण्यासाठी) घातली, मॅन्युअलला चालवून बघितली आणि घरी गेला. स्कॅन, म्हणजे पीएलसीची प्रोग्राम चालवण्याची फेरी, वरून खाली जातो, कार्डाला शेवटची किंमत मिळते. ऑटोला खालची कॉइल वरचीला पुसत होती.

सकाळी सिनियरना म्हणालो, सर, एक आउटपुट एकाच ठिकाणी लिहायचं, असा नियमच करू. ते म्हणाले, "लॅडर म्हणजे ड्रॉइंग रे, सॉफ्टवेअर नाही. चालतंय ना, मग हात लावू नकोस." तेव्हा गप्प बसलो. पण रिलेच्या ड्रॉइंगमध्ये तरी एक कॉइल दोनदा कुठे असते? पॅनेलमध्ये तो रिले एकच असतो! ड्रॉइंग म्हणायचं तर हा नियम आधी पाळायला हवा.

तुमच्या पॅटर्नचं म्हणाल तर मशीनच्या क्रमासाठी एकच स्टेप नंबर ठेवा: १०, २०, ३०, म्हणजे मध्ये १५ घालता येतो. स्टेप कधी बदलते ते एका जागी, आउटपुट सगळ्यात शेवटी. प्रत्येक स्टेपला टायमर लावा. वेळ उलटली की स्टेप नंबरसकट अलार्म. सेट-रिसेट बिट्स (एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद केले जाणारे) प्रोग्रामभर विखुरणं मला अजिबात मान्य नाही. पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६११३१-३, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांतले मेथड आणि इंटरफेस आले, पण जावातले पॅटर्न उचलून आणू नका. पीएलसीओपन या संघटनेची कोडिंगची मार्गदर्शक तत्त्वं मोफत मिळतात, ती जरूर वाचा.

एक राहिलं: स्टेपचा क्रम स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये (पीएलसीची ओळींत लिहायची भाषा) सुटसुटीत दिसतो, तरी इंटरलॉक, म्हणजे चुकीची हालचाल अडवणाऱ्या अटी, लॅडरमध्येच ठेवा. रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन तेच वाचतो. त्या रात्री मी २१२ उडवलं आणि इंचिंगची अट १४ मध्येच समांतर जोडली.