विंडोज ११ टाकताना ड्राइव्हची यादी रिकामी येते, एसएसडी गेली का?

बहुतेक नाही. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप अकराव्या पिढीचा आय५ आहे, कालपर्यंत व्यवस्थित चालू होता, आणि पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला गेलात तर 'कुठे टाकायचं' त्या पायरीवर एकही ड्राइव्ह दिसत नाही, आणि आतला डेटा तर हवाय. हुबेहूब हेच माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर झालं होतं. मी शहाण्यासारखा मागचं झाकण उघडून एसएसडी बाहेर काढली आणि एन्क्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. ठणठणीत होती, सगळे फोटो जागच्या जागी. मिळालं काय, तर एक स्क्रू हरवला. तो लॅपटॉप आजही एका स्क्रूविना चालतोय.

तेव्हा आधी झाकण नको, बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची सेटिंगची स्क्रीन) उघडा. तिथे एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. तिथेही नसेल तर मात्र प्रकरण हार्डवेअरचं: एसएसडी तिच्या स्लॉटमध्ये नीट बसलेली नाही, किंवा नवीन घेतली असेल तर एनव्हीएमई प्रकारच्या स्लॉटमध्ये साटा या दुसऱ्या प्रकारची एम.२ (पट्टीसारखी) एसएसडी घातली गेली आहे. दोन्ही दिसायला जवळपास सारख्याच असतात.

बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या यादीत नाही, म्हणजे बहुधा मधे व्हीएमडी (इंटेलचा ड्राइव्ह सांभाळणारा कंट्रोलर) आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट समोर न येता या व्हीएमडी कंट्रोलरच्या आडून येते, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये बहुधा नसतो. खात्री करायची तर त्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळ्या खिडकीत डिस्कपार्ट आणि मग लिस्ट डिस्क टाइप करा. फक्त पेनड्राइव्हच दिसला तर दुखणं हेच.

सरळ उपाय म्हणजे ड्रायव्हर देणं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, व्हीएमडीचा ड्रायव्हर त्यातच असतो. त्याला 'एफ६ ड्रायव्हर' असंही म्हणतात. एक्सपीच्या काळात इन्स्टॉल सुरू होताना एफ६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यावा लागायचा. फ्लॉपी गेली, नाव राहिलं. इथे लोक हमखास फसतात: डाउनलोड झालेली ईएक्सई तशीच पेनड्राइव्हवर टाकतात, आणि 'लोड ड्रायव्हर' दाबलं की विंडोज सांगतं काही सापडलं नाही. त्याला ईएक्सई नको, आतली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) हवी. इंटेलची सेटअपआरएसटी ही फाइल असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये तिच्या नावापुढे जागा सोडून वजाचं चिन्ह, त्याला जोडून एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स आणि मग एखाद्या फोल्डरचं नाव द्या, सगळं सुटं होऊन त्यात येतं. तो फोल्डर पेनड्राइव्हवर टाका, 'ब्राउझ' करून त्यातला व्हीएमडीचा फोल्डर निवडा, कंट्रोलरचं नाव येईल, नेक्स्ट. पाच-दहा सेकंदांत ड्राइव्ह हजर. ५१२ जीबीची एसएसडी तिथे ४७६.९ जीबी दिसेल, घाबरू नका, विंडोजची मोजायची पद्धत वेगळी आहे.

दुसरा मार्ग बायोसमधून व्हीएमडी बंद करण्याचा. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला व्हीएमडीचा फारसा उपयोग नाही, त्यामुळे सगळं पुसून नव्यानेच टाकायचं असेल तर मी हेच करतो. काही लॅपटॉपमध्ये तो पर्याय लपवलेला असतो (एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसच्या 'मेन' टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की उगवतो), काहींत दिलेलाच नसतो. पण एसएसडीवरचं जुनं विंडोज व्हीएमडी चालू असताना टाकलेलं असेल, तर बंद केल्यावर ते निळी स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होईल. डेटा कुठे जात नाही, परत चालू केलं की उठतं. आणि बिटलॉकर (ड्राइव्हला लागणारं विंडोजचं कुलूप) लागलेलं असेल तर बायोसला हात लावायच्या आधी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा, ४८ आकडे आहेत.

तुम्ही डेटा हवाय म्हणालात, तेव्हा तुमच्यासाठी ड्रायव्हरचाच मार्ग. ड्राइव्ह दिसली की आनंदाच्या भरात पार्टिशन डिलीट करू नका, इन्स्टॉल तिथेच थांबवा, जुनं विंडोज सुरू होत असेल तर आधी त्यातून कॉपी काढा. बायोसमध्ये नाव दिसतंय की नाही तेवढं खाली कळवा.