कैलास लेणं आणि तासाला पाच टन दगड

प्रश्न: हिस्टरी चॅनेलवर वेरूळचं कैलास लेणं दाखवलं होतं. एवढा दगड अठरा वर्षांत काढणं माणसाला शक्यच नव्हतं, परग्रहवासीयांचं तंत्रज्ञान असावं, असा सूर होता. माझा आठवीतला मुलगा आता हेच सगळ्यांना सांगत सुटलाय. यात तथ्य किती? आणि विज्ञान-रहस्याचे असे कार्यक्रम मुलांना दाखवावेत का?

उत्तर:

लेणं माणसांनीच खोदलं. पुरावा भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांत आहे, ताम्रपटात आहे, आणि गंमत म्हणजे तुम्हाला थक्क करायला जो आकडा वापरतात त्यातही आहे. मी स्थापत्य अभियंता आहे. नोकरीची बरीच वर्षं रस्त्यांच्या कामांवर आणि दगडखाणींवर गेली, त्यामुळे त्या आकड्यापासूनच सुरुवात करतो.

‘एन्शंट एलियन्स’सारख्या मालिकांमधून आणि त्यावर निघालेल्या असंख्य व्हिडिओंमधून फिरणारा हिशेब असा: चार लाख टन दगड, अठरा वर्षं, रोज बारा तास काम. म्हणजे तासाला पाच टन. इथे संगीत चढतं, निवेदक थांबतो आणि जाहिरात लागते. भागाकार बरोबर आहे. पण तो अर्ध्यावर सोडलाय. तासाला पाच टन म्हणजे दिवसाला साधारण साठ टन. ते किती माणसांनी काढायचे, हे कोणी विचारतच नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ते विचारलं होतं. छिन्नी-हातोड्याने एक पाथरवट दिवसाला साधारण चार घनफूट दगड काढतो, असं धरून त्यांनी हिशेब मांडला. आपल्या काळ्या दगडाचा एक घनफूट ८० किलोंच्या वर भरतो, म्हणजे चार घनफुटांचे झाले सव्वातीनशे किलो. साठ टनांना सव्वातीनशे किलोंनी भागा. उत्तर येतं १८५ च्या आसपास. टीव्हीचा सगळा अचंबा मान्य करूनसुद्धा दोनशेपेक्षा कमी पाथरवट लागतात! डबर वाहणारे, छिन्न्यांना धार लावणारे लोहार, स्वयंपाकी, मुकादम धरून हा आकडा तिप्पट करा. तरी हे लेणं खोदवणाऱ्या राष्ट्रकूटांसारख्या सत्तेला तो जड नव्हता. (लोहार मुद्दाम लिहिलाय. बेसाल्टवर, म्हणजे या काळ्या दगडावर, छिन्नी भराभर बोथट होते. हाताने दगड फोडायच्या कामावर भाता बंद पडला की सगळं काम बंद.)

आता चार लाख टनांकडे या. लेण्याचा चौक सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, आणि मागचा कडा सुमारे १०७ फूट उंच. तिघांचा गुणाकार केला तर साडेपंचेचाळीस लाख घनफूट येतात, वजनात साधारण पावणेचार लाख टन. म्हणजे डोंगर पुढेही मागच्याइतकाच उंच होता असं मानलं, आणि आतलं देऊळसुद्धा खोदून बाहेर फेकलं, तरी खड्ड्यातून चार लाख टन निघत नाहीत. डोंगर पुढे उतरता आहे आणि देऊळ तर जागेवर उभं आहे. कडेच्या ओसऱ्या आणि लंकेश्वराचं लेणं वरून मिळवलं तरी उताराने वजा होणारा दगड त्याहून जास्त आहे. ढवळीकरांच्या हिशेबात २५० मजूर आणि साडेपाच वर्षं येतात, म्हणजे वीस लाख घनफूट, साधारण १.६५ लाख टन. मला हा आकडा पटतो.

अठरा वर्षांचंही तसंच. ती राष्ट्रकूट राजा कृष्णराजा पहिला याच्या कारकिर्दीवरून आली आहेत (साधारण इ.स. ७५६ ते ७७३). पण काम त्याच्याच काळात सुरू होऊन त्याच्याच काळात संपलं, हे सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. कला-इतिहासकार हर्मान गेट्झ यांनी काम अनेक राजांच्या काळात टप्प्याटप्प्याने झालं असं मांडलं होतं. ढवळीकर मुख्य काम कृष्णराजाचंच मानतात. टीव्हीवर हा वाद आला असता तर मी आनंदाने बघितला असता. पण त्यात परग्रहवासीयांना काम उरत नाही.

पद्धतीबद्दल थोडं, कारण खरी बुद्धी तिथे आहे. ‘आधी कळस, मग पाया’ हे आपण गमतीने म्हणतो. इथे ते शब्दशः झालंय. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खाली नेले, मधे प्रचंड ठोकळा सुटा केला आणि तो वरून खाली कोरत आणला. यात परांची बांधावी लागत नाही, कारण पायाखाली न खोदलेला दगड असतोच. चिरे वर चढवावे लागत नाहीत, जोडावे लागत नाहीत. एकच अट, चूक करायची नाही; तुटलेला हत्ती परत बसवता येत नाही. माझ्या मते थक्क व्हायचं तर या नियोजनावर व्हावं. शिखर कोरणाऱ्याला खालचा चौथरा किती उंच राहणार हे आधीच माहीत असावं लागतं.

आणि आपले पूर्वजही थक्क झालेच होते. राष्ट्रकूट घराण्यातल्याच कर्कराजाच्या वडोदऱ्याच्या ताम्रपटात (शके ७३४, म्हणजे इ.स. ८१२-१३) एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन आहे. विमानांतून जाणारे देवही ते पाहून चकित होतात, आणि ज्याने ते घडवलं त्या स्थपतीलाच नवल वाटतं की हे मी केलं तरी कसं! ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथातली गोष्ट तर आणखी छान आहे. देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीचा नेम असतो, आणि पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणतो, मग कळसापासूनच सुरू करतो. गोष्ट दंतकथाच आहे, पण खोदकामाची दिशा अचूक सांगते. टीव्हीवाल्यांनी ताम्रपटातली विमानं तेवढी उचलली नाहीत म्हणजे मिळवली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘विज्ञान चॅनेल’ म्हणून सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका. २०१२ मध्ये अ‍ॅनिमल प्लॅनेटवर जलपऱ्या सापडल्याचा माहितीपट लागला. त्यातले शास्त्रज्ञ नट होते. लोकांनी तो इतका खरा मानला, की अमेरिकेच्या सागरी संस्थेला, नोआला, जलपऱ्यांचा कुठलाही पुरावा मिळालेला नाही असं अधिकृतपणे लिहावं लागलं. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीने नामशेष मेगालोडॉन शार्क अजून जिवंत असल्याचा कार्यक्रम केला, पुन्हा नटांना शास्त्रज्ञ करून. हे नाट्यरूपांतर असल्याची सूचना शेवटी काही सेकंद, कोणी वाचू नये अशा बेताने. आणि प्रेक्षक मिळाले जवळजवळ ४८ लाख. एवढे प्रेक्षक मिळत असतील तर उद्या तेच पुन्हा बनणार, त्यात नवल नाही.

याच्या उलट टोकाला अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवरची ‘नोव्हा’ ही मालिका. इजिप्तमधले दगडी सूचीस्तंभ माणसांनी उभे कसे केले असतील, हे त्यांनी माणसं, दोर आणि दगड घेऊन करून बघितलं. जमलं नाही, आणि जमलं नाही हेसुद्धा दाखवलं. शेवटी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका ग्रॅनाइटच्या खाणीत, खड्ड्यात भरलेली वाळू हळूहळू काढून घेत, २५ टनांचा स्तंभ उभा राहिला. ‘एअर क्रॅश इन्व्हेस्टिगेशन’ही माझ्या घरी आवडीने बघितलं जातं. अपघाताच्या चौकशी अहवालावर आधारलेलं असल्यामुळे सुरुवातीला रहस्य असलं तरी शेवटी एखादा स्क्रू, एखादी चुकीची उंची, एखादा न ऐकलेला संदेश हाती लागतो. चरखी दादरीवर १९९६ मध्ये दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसं गेली, त्याचाही भाग आहे. १५ हजार फुटांवर राहायला सांगितलेलं विमान खाली उतरलं, एवढीच गोष्ट, पण पोटात गोळा येतो. मुलाला हे नक्की दाखवा, भीतीचं जरा सांभाळून.

रहस्यं मुलांपासून लपवू नयेत असं माझं मत आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं ते आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खारटपणा वाढल्यावर माजणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. मूळ उल्कापाताएवढंच मला हे रोमांचक वाटतं. पण यावर तासाभराचा कार्यक्रम करायचा तर प्रयोगशाळेत कॅमेरा न्यावा लागतो, आणि ‘असं तर नसेल?’ असं विचारायला तो लागत नाही. बघताना मुलाला एवढंच टिपायला सांगा की निवेदकाची किती वाक्यं प्रश्नचिन्हाने संपतात. त्या मालिकांमध्ये विधान क्वचितच असतं, त्यामुळे खोटं ठरण्याचीही भीती नसते.

मुलगा आठवीत आहे म्हणजे घनफळ त्याला येतच असणार. वरचा गुणाकार त्याच्याकडूनच करून घ्या आणि मग वेरूळला न्या. खालून आत शिरण्याआधी कडेच्या वाटेने डोंगरावर चढून वरून चौक बघा, मग खाली येऊन कड्यावरचे छिन्नीचे उभे घाव दाखवा. जमलं तर दुसऱ्या दिवशी अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणंही करा. ते अर्धवट सोडलेलं आहे, त्यामुळे दगड कसा काढत नेत होते ते उघडं दिसतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, त्या बेताने रजा टाका.